आमच्या रिठदला बर्फ पडत नाही: ऑफिसमधली टंगळमंगळ आणि लहानपणची थंडी

(ज्यांना हेडफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त खोकला आणि मागचा कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय.)

बसमध्ये असाल, मेसच्या लाइनीत असाल किंवा ऑफिसात एक्सेल उघडी ठेवून गुपचूप हे ऐकत असाल. तिसऱ्या प्रकारातले असाल तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे. आवाज थोडा कमी करा आणि ऐका.

सुरुवात माझ्यापासून करतो. मागच्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्यातलं ऑफिस, दुपारचे साडेतीन. एसी असा लावलेला की बोटं गार पडलेली. समोर एक फाइल होती. दोन याद्या एकमेकींशी जुळवायच्या आणि जे जुळत नाही ते लाल करायचं. संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. मी काय केलं? फोन उचलला. गुलमर्गचं एक रील आलं, पांढराशुभ्र बर्फ, पोरं घसरतायत. मग दुसरं, मग तिसरं. मग फोन खाली ठेवला आणि खिडकीतून बघत बसलो, पण दिसत होतं आमचं रिठद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रिठद म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा आणि गहू. बर्फाचा आणि आमचा संबंध फक्त गोळेवाल्यापुरता. तरी मला त्या दुपारी लहानपणची थंडी आठवली. तुराट्यांची शेकोटी, कानटोपी, तोंडातून निघणारी वाफ, आणि ती वाफ सोडून विडी ओढल्याची नक्कल करणारे आम्ही. त्या तंद्रीत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'आपल्या गावची थंडी किती भारी होती ना!' सोबत दोन शेकोटीचे इमोजी.

दहा मिनिटांनी बाबांचा व्हॉइस मेसेज आला. चार सेकंदांचा. 'भारी होती? कोणासाठी रे?'

बस, एवढंच. आजचा सगळा भाग या चार सेकंदांवर आहे.

पहिला प्रश्न: मन कामावरून सटकतं कुठं आणि कशाला?

आधी जरा मनावरचं ओझं हलकं करू. कामात लक्ष नसणं हा फक्त तुमचा-माझा दोष नाही. २०१० साली हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पद्धत सोपी होती. लोकांच्या आयफोनवर दिवसात कधीही प्रश्न यायचा: आत्ता काय करताय, मन त्यातच आहे की दुसरीकडं, आणि कसं वाटतंय? सव्वादोन हजार माणसांची उत्तरं जमली. त्यातल्या जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे जागेपणीचा निम्मा वेळ आपण असतो एकीकडं आणि मन दुसरीकडं.

पण त्याच अभ्यासातला पुढचा भाग रीलवाले सांगत नाहीत. मन भटकलेलं असताना लोक कमी खूश होते. आणि मन एखाद्या छान गोष्टीकडं गेलं असलं, तरी हातातल्या कामात असलेल्या माणसापेक्षा ते जास्त खूश नव्हते. म्हणजे मी कामावरून सटकून थंडीच्या आठवणीत गेलो, त्यात फार मोठा नफा झाला असं समजायचं कारण नाही.

मग मन तिकडंच का गेलं? थंडीकडंच का? याचं उत्तर एसीत आहे.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द आपण आता इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये वापरतो, पण तो जन्मला आजाराचं नाव म्हणून. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं बाझल इथल्या आपल्या प्रबंधात तो बनवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, एकाचा अर्थ घरी परतणं आणि दुसऱ्याचा दुःख. घरापासून लांब राहून झुरणाऱ्या माणसांचा हा आजार आहे, असं त्याचं म्हणणं. परदेशात लढायला गेलेल्या स्वित्झर्लंडच्या सैनिकांशी पुढं हा आजार कायमचा जोडला गेला. म्हणजे नोकरीसाठी घर सोडलेल्या पोरांचाच आजार म्हणा की.

आजचे मानसशास्त्रज्ञ त्याला आजार मानत नाहीत. २०१२ साली टिम वाइल्डशुट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडी आणि जुन्या आठवणी यांचा संबंध तपासला. थंड खोलीत बसवलेल्या माणसांना जुन्या आठवणी जास्त आल्या. ज्यांनी अशी आठवण मनात आणली त्यांना खोली आहे त्यापेक्षा उबदार वाटली. आणि बर्फासारख्या गार पाण्यात हात धरायला लावला तेव्हा आठवणीत रमलेल्यांनी तो जास्त वेळ धरला. थोडक्यात, अंग गारठलं की मन आतल्या आत शेकोटी पेटवतं.

माझं तेच झालं होतं. एसीनं बोटं गार पडली आणि मनानं मला सरळ रिठदला नेऊन बसवलं.

दुसरा प्रश्न: आमच्याकडं बर्फ का नाही, आणि मग पांढरं काय पडतं?

हा प्रश्न मला टीममधल्या एका दिल्लीच्या मुलानं विचारला होता. 'तुमच्या विदर्भात तर खूप थंडी पडते म्हणतात, मग बर्फ?' नीट उत्तर देतो.

विदर्भाची थंडी ही उघड्या आभाळाची थंडी आहे. आम्ही समुद्रापासून लांब. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते आणि तिला अडवायला ढगांची गोधडी नसते. त्यात उत्तरेकडून गार वारं आलं की पहाटेचा पारा धाडकन खाली येतो. पण ढगच नाहीत तर बर्फ पडणार कशातून? आणि ढग आले की तीच गोधडी बनते आणि रात्र उबदार होते. म्हणून आमच्याकडं कडाक्याची थंडी आणि आभाळातून पडणारं काहीही, या दोन गोष्टी सहसा एकत्र येत नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी आपण हिवाळ्यात वाचतो ना, तोही बर्फ वरून पडलेला नसतो. तो जमिनीलगतच्या गारव्यानं तिथंच गोठलेला असतो.

मात्र आमच्याकडंही कधीतरी रान पांढरं होतं. गारांनी.

गार आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिमकण ढगातल्या वाफेतून हळूहळू तयार होतो आणि खालपर्यंत हवा थंड असली तरच तसाच जमिनीवर पोचतो. गार जन्मते ती गडगडाटी ढगात. खालची हवा तापून जोरात वर उसळते. तीन-चार किलोमीटर वर गेलं की पाणी गोठायला लागतं. तिथं एखादा बर्फाचा कण थंड थेंबांना धडकत राहतो, त्याच्यावर थरावर थर चढतात आणि वर येणाऱ्या वाऱ्याला तो पेलवेनासा झाला की खाली कोसळतो. मोठी गार मधून कापली तर कांद्यासारखे थर दिसतात. खाली ऊन असलं तरी ती इतक्या वेगानं येते की वितळायला वेळच मिळत नाही. म्हणून आमची गारपीट भर थंडीत नाही, तर थंडी सरताना येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन तापायला लागलेली, समुद्राकडून ओलं वारं आलेलं आणि वरच्या थरात अजून थंड हवा, असं जमलं की.

२०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात अशी गारपीट झाली की तिचं नाव काढलं तरी शेतकरी गप्प होतात. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, सगळीकडं. २०१८ च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली, त्यात आमचा वाशिम जिल्हाही होता.

२०१४ ला मी सातवीत होतो. गारा पडल्या तेव्हा आम्ही पोरं डोक्यावर घमेलं धरून अंगणात धावलो. स्टीलच्या डब्यात गारा भरल्या, साखर टाकून खाल्ल्या. माझ्या डोक्यात तो अजूनही आयुष्यातला एकमेव 'स्नो डे' आहे. आता आठवून बघतो तर ओसरीवर आई उभी होती आणि बाबा पायरीवर बसले होते. दोघंही काही बोलत नव्हते. वावरात गहू काढायला आलेला होता.

म्हणजे एकाच अंगणात, एकाच गारांच्या पावसात, दोन वेगळे हिवाळे चालू होते. माझा आणि त्यांचा.

तिसरा प्रश्न: आठवण नेहमी गोडच का लागते?

यालाही मानसशास्त्रात उत्तर आहे. जुन्या प्रसंगांना चिकटलेल्या वाईट भावना चांगल्या भावनांपेक्षा लवकर विरतात. प्रसंग आठवतो, त्यातला चटका कमी होतो, गोडवा मात्र बराच टिकतो. हे एका अर्थी बरंच आहे, नाहीतर जगणं अवघड झालं असतं. पण त्याचा एक तोटा आहे. आठवणीतून घाम गळून जातो. विशेषतः दुसऱ्याचा.

बाबांच्या व्हॉइस मेसेजनंतर मी रात्री त्यांना फोन केला. म्हटलं, 'बाबा, असं काऊन म्हणलात?' ते हसले. म्हणाले, 'तुले शेकोटी आठवते. मले लाइन आठवते.'

शहरातल्या दोस्तांसाठी सांगतो, लाइन म्हणजे वीज. शेतीपंपाची वीज वेगळ्या वेळापत्रकानं येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की पाणीही रात्रीच द्यायचं. आमच्या भागात हरभऱ्याला बहुतेक जण स्प्रिंकलरनं पाणी देतात. एका जागी दोन-अडीच तास पाणी झालं की मोटार बंद करायची, ॲल्युमिनियमसारखे गार पडलेले पाइप उचलायचे, चिखलातून पुढच्या पट्टीत न्यायचे, जोडायचे, नोझल बघायचे, पुन्हा मोटार सुरू करायची. जोडताना पाइपातलं उरलेलं पाणी अंगावर येतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दोन वाजता. वर सापाची भीती, रानडुकरांची भीती, ओल्या हातानं स्टार्टरला हात लावायची भीती.

महाराष्ट्रभर शेतकरी दिवसा वीज मागत आलेत ते यासाठी. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, त्यामागचा मुख्य उद्देशच हा की सूर्याच्या विजेवर पंप दिवसा चालावेत. तुम्ही कधी बातम्यांत 'शेतीला दिवसा वीज' ही ओळ ऐकून पुढं सरकला असाल, तर तिचा अर्थ एवढाच आहे: त्या बापाला रात्री घरी झोपू द्या.

म्हणजे माझ्या आठवणीतली जी 'भारी थंडी' होती, ती बाबांची रात्रपाळी होती.

चौथा प्रश्न: मग विसावा म्हणजे कामचुकारपणा का?

इथं मला वाटलं, बाबा आता मला झापणार. आम्ही रात्री पाइप उचलले आणि तू एसीत बसून रील बघतोस वगैरे. तसं काही झालं नाही. उलट मी विचारलं, 'मग मधल्या दोन तासांत तुम्ही काय करायचे?'

'काय करणार? बसे. शेकत बसे. पाणी पडत असते तवा बसायचंच असते.'

हे वाक्य मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. पाणी पडत असताना बसायचंच असतं. कामाच्या आतच बसण्याची जागा आहे. विज्ञानही साधारण हेच सांगतं. २०२२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात छोट्या विश्रांतींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. दहा मिनिटांच्या आतला विसावा घेतला तर थकवा कमी होतो आणि उत्साह वाढतो, हे त्यात दिसलं. काम लगेच जास्त चांगलं होतं असं मात्र सरसकट दिसलं नाही. डोकं फार शिणवणाऱ्या कामानंतर एवढा छोटा विसावा पुरत नाही. म्हणजे विसावा हवाच, पण तो जादू नाही.

आणि हे कंपन्यांनीही समजून घ्यायला हवं. माणूस दर मिनिटाला माउस हलवतोय का हे मोजत बसलं की लोक माउस हलवणारं यंत्र आणतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा देखावा करणाऱ्या डझनभराहून जास्त लोकांना काढल्याची बातमी आली होती. काम बाजूला राहिलं आणि कामाच्या सोंगावर दोन्ही बाजूंची मेहनत झाली.

मग चुकारपणा कशाला म्हणायचं? बाबांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली.

मी पाचवीत असेन. शाळेला सुट्टी होती आणि मी हट्ट करून त्यांच्यासोबत रात्री वावरात गेलो. घाटे भरत आलेले होते. बाबांनी शेकोटीत हरभऱ्याची डहाळी भाजली. आम्ही त्याला हुळा म्हणतो. काळी बोटं, काळं तोंड, वर चांदण्या. ही माझ्या लहानपणची सगळ्यात लाडकी रात्र आहे. त्या दुपारी ऑफिसात मला आठवत होती ती हीच.

बाबा म्हणाले, 'त्या राती तू मांडीवर झोपला. तुले उठवावं वाटलं नाही. मंग माहाही डोळा लागला. पाइप तिथंच राहिले सकाळपावतर.'

एका पट्टीला रात्रभर पाणी झालं. आमची जमीन काळी, भारी. पाणी धरून ठेवते. हरभऱ्याला पाणी जास्त झालं की मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं. ती पट्टी पिवळी पडली. आणि पुढच्या पट्ट्यांना पाणी मिळालंच नाही, कारण सकाळी लाइन गेली. त्या विहिरीवर काकांचाही वाटा होता. त्यांची पाळी मग दोन दिवसांनी पुढं गेली. काका काही बोलले नाहीत. पण बाबांनी पुढच्या रात्री आधी काकांच्या वावरातले पाइप बदलले, मग आपले.

फोनवर मी थोडा वेळ गप्पच होतो. ज्या रात्रीला मी इतकी वर्षं जपलं, ती बाबांच्या खात्यात चुकीची रात्र म्हणून जमा आहे. मी विचारलं, 'वाईट वाटते का आता?' ते म्हणाले, 'वाईट कायचं? तू झोपला होता. पण भावाची पाळी गेली ना.'

माझ्यासाठी फरक तिथं स्पष्ट झाला. बाबांनी किती वेळ बसले याचा हिशोब ठेवला नव्हता. पाळी कुणाची गेली, हा हिशोब ठेवला होता.

माझी पाळी कुणावर गेली?

आता परत त्या दुपारी चला. मी फाइल सहाला दिली नाही. सात वाजता अर्धवट दिली आणि 'बाकीचं उद्या बघतो' म्हणून निघालो. मला वाटलं, काय फरक पडतो, एक्सेलच तर आहे. दुसऱ्या दिवशी कळलं की टीममधल्या एका ताईला ती फाइल रात्रीच पुढं पाठवायची होती. ती साडेनऊपर्यंत बसली आणि माझी लालची कामं तिनं लाल केली. तिच्या घरी लहान मुलगी आहे. तिनंही काकांसारखंच केलं, काही बोलली नाही.

मी तिच्याकडं गेलो आणि सरळ सांगितलं की मी दुपारी दीड तास वाया घालवला, आजारी वगैरे नव्हतो. पुढच्या आठवड्यातली तिची एक फाइल मी घेतली. यात काही मोठेपणा नाही. आधी काकांच्या वावरातले पाइप, मग आपले, एवढंच.

मंडळी, तुम्हाला कामात कंटाळा येणार. मन सटकणार. थंडी पडली की गाव आठवणार. यातलं काहीच गुन्हा नाही. फक्त दोन गोष्टी करून बघा. फोन उचलायच्या आधी विचारा, आत्ता पाणी पडतंय की पाइप बदलायची वेळ झालीय? पाणी पडत असेल तर खुशाल बसा, खिडकीतून बघा, चहा घ्या. पाइपाची वेळ झाली असेल तर आधी उठा.

आणि दुसरी गोष्ट. लहानपणचा एखादा लाडका हिवाळा आठवला, तर त्या आठवणीत तेव्हा जागं असलेलं माणूस कोण होतं त्याला फोन करा. विचारा, 'तुम्हाला ती रात्र कशी आठवते?' उत्तर तुमच्यासारखं नसेल, पण ऐकून घ्या.

यंदा संक्रांतीला मी रिठदला चाललोय. बाबांना सांगितलंय, रात्रीची लाइन असली तर पाइप मी बदलणार. ते म्हणाले, 'येजो, पण झोपजो नको.'

चला, थांबतो. तुमच्या घरी रात्रीचं पाणी द्यायला कोण जायचं ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा, पुढच्या भागात काही ऐकवू. आणि ऑफिसात बसून ऐकत असाल तर आता फाइल उघडा. भेटू.